गाडीच्या कपाळावरची विभूती

नळदुर्ग,
आषाढ शुद्ध तृतीया, शके १८६२ (सन १९४०)

ती. शिवकांता अक्कास,
पायांवर डोकं ठेवून गुंडूचा नमस्कार.

गाडी झाली एकदाची! सोलापुरातून ती मोडकी मोटार बैल जुंपून ओढत आणली तेव्हा सगळं नळदुर्ग हसलं होतं. परंड्यात बसून तूही हसलीस, ते दाजींनी मला सांगितलंय. आता ये आणि बघ. वरचं सगळं खोकं काढून टाकलं. लालमहंमदनं सागवानी सांगाडा केला, त्यावर पत्रा ठोकला, पुढं लांब नाक काढलं आणि मागं निमुळती शेपटी. शर्यतीच्या गाडीचं एक चित्र मी त्याला दिलं होतं, पण चित्रापेक्षा आपली गाडी देखणी आहे. दोनच माणसं बसतात. रंग डाळिंबी.

लालमहंमदचं दुकान अजून आपल्या भिंतीला लागूनच आहे. ट्रंका करायचा तो आता मोटारींच्या बॉड्या करतो. तामलवाडीच्या महांतप्पामामांच्या उतारू नेणाऱ्या दोन्ही सर्व्हिस गाड्या त्यानंच बांधल्या. आपण तिघं किल्ल्यात चिंचा पाडायला जायचो तेव्हा जसा ओरडायचा तसाच अजून चारचौघांत ओरडतो, "अरे गुंड्या!" या गाडीत त्याचा जीव कशात असेल तर वायपरमध्ये. जुना एकच होता, गंजका. यानं पितळेचे दोन केले, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. आतून दांडी ओढली की दोन्ही हात काचेवरून एकदम फिरतात. ते दाखवायला त्यानं बायकोला, लालबीला, आणि अर्ध्या पेठेला बोलावलं होतं.

आणि घोडं नेमकं त्या वायपरपाशीच अडलंय. गाडीपूजेला मठाचे स्वामी आले. त्यांनी काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. अव्वा म्हणाली, गाडीचं कपाळ भरलं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, मी हौसेनं दांडी ओढली, आणि अव्वा नेमकी दारात उभी!

"पुसलं रं! माझ्या लेकाच्या गाडीचं कपाळ पुसलं!" म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, की शेजारच्या गिरिजाबाई हातातलं पीठ घेऊन धावत आल्या. मी हसायला गेलो तर म्हणाली, "मेल्या माणसाच्या कपाळावरची इभूत सुदिक आपल्यात कुणी पुसत न्हाय. तुज्या अप्पाला म्या तशीच भरल्या कपाळानं समाधी दिली. आन ह्ये यंत्र जित्या गाडीची पुसतंय!"

मी म्हणालो, अगं, पावसानंही जाणारच की. तर म्हणते, "पाऊस शिवाचा हाय. त्यो धुतोय, पुसत न्हाय." या वकिलीपुढं मी काय बोलणार?

अप्पा गेल्याला अजून दोन वर्षं झाली नाहीत. ती गाडीकडं बघत नाही, धड जेवत नाही. वायपर काढावेत तर पावसाळा डोक्यावर, ठेवावेत तर अव्वा अशी. शिवाय लालमहंमदला काय सांगू? मला तर काही सुचत नाही. तू सांगशील तसं करतो.

तुझा गुंडू

---

परंडा,
आषाढ शुद्ध दशमी

चि. गुंडूस,
अक्काचे आशीर्वाद.

सव्वीस वर्षांचा घोडा झालास, घरात सून आणायची सोडून शेपटीची गाडी आणलीस, आणि आता दोन काड्यांसाठी मला पत्र! काढून टाक. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं गाड्या चालल्याच ना वायपरशिवाय? आमच्या इथं कुर्डुवाडीला जाणारी सर्व्हिस आहे, तिचा ड्रायव्हर पाऊस आला की उतरतो आणि टोपीनं काच पुसतो. तू धोतराच्या सोग्यानं पूस. कपाळ तेवढं सोड आणि खालचं पूस.

अव्वाचं मन राख. तिनं अप्पांच्या मागं एवढं एकच काही मागितलंय.

लालमहंमद तुळजापूरला मामांच्या गाडीच्या कामावर जाणार होता ना? तो गेला की काढ. त्याला सांगू नकोस, बिचाऱ्याला वाईट वाटेल. पावसाळा सरला की परत बसव, त्याला कळणारही नाही. आणि ते वायपर घरात ठेवू नकोस, अव्वाला दिसले तर आडात टाकेल. इकडं घेऊन ये. मी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवते, उंदरांनाही पत्ता लागणार नाही. त्या निमित्तानं मला तुझी शेपटी तरी बघायला मिळेल.

तुझे दाजी विचारतात, त्या गाडीत आमच्या दुकानाचे दोन गठ्ठे मावतील का? म्हटलं, तुम्ही एकटेसुद्धा मावणार नाही.

शिवकांता

---

नळदुर्ग,
आषाढ वद्य एकादशी

ती. अक्कास नमस्कार.

सुखरूप पोचलो. तू वायपर कणगीत पुरताना माझ्याकडं बघून हसत होतीस, पण तुला म्हणून सांगतो, काढताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. भोकं मेणानं बुजवलीत. लालमहंमद तुळजापुरातच आहे. इथं असता तर त्याची नजर पहिल्यांदा तिथंच गेली असती.

अव्वा मात्र खूश आहे. रोज सकाळी लिंगपूजा झाली की त्याच हातानं गाडीचं कपाळ भरते. कालच्या थरावर आजचा थर. भाकरीवर लोणी थापावं तशी विभूती झालीय. दोन घास जास्त जेवते, त्यामुळं मला काही म्हणवत नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मामांना आणायला तामलवाडीला जातोय. शिवम्माचं आणि माझं बोलणं पक्कं करायचंय. अव्वाच्या मनात लहानपणापासून भावाचीच मुलगी सून म्हणून आहे, आणि माझ्याही मनात आहे, तू दाजींना सांगू नकोस. भीती मामांची. त्यांच्या एका ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता गाडी वळवली, तर त्याला त्यांनी त्याच वळणावर उतरवलं. म्हणाले, "ज्याला गाडी कळत न्हाय त्याच्या हातात माणसं द्यू नये." आपली गाडी बघून खूश व्हावेत म्हणजे झालं.

तुझा गुंडू

---

नळदुर्ग,
श्रावण शुद्ध द्वादशी

ती. सौ. शिवकांता अक्कास,
गुंडप्पाचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, सोमवारी तामलवाडीहून येताना तुळजापूरच्या पुढं मोठा पाऊस लागला. लालमहंमदनं बसवलेले वायपर वाटेत कुठंतरी गळून पडले, त्यामुळं काच पुसता आली नाही आणि गाडी ओढ्याच्या कडेला दगडावर आदळली. मला खरचटलं आहे. मामांचा उजवा हात मोडला. वैद्यांनी बांधला आहे, काळजीचं कारण नाही. मामा सध्या आपल्याच घरी खाटेवर आहेत. हे पत्र त्यांच्यासमोर बसून लिहीत आहे आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवणार आहे.

मामांनी तुळजापूरला निरोप पाठवून लालमहंमदला कामावरून कमी केलं. ते म्हणतात, ज्याला दोन स्क्रू नीट आवळता येत नाहीत त्याच्या गाडीत मी माणसं बसवणार नाही. पेठेतही त्यांनी सर्वांना तसं सांगितलं आहे.

अव्वा बरी आहे. मामांचे तुम्हा उभयतांस आशीर्वाद.

आपला,
गुंडप्पा

---

परंडा,
श्रावण वद्य द्वितीया

चि. गुंडूस,

पत्र पोचलं. शिवानं रक्षण केलं, हातावर निभावलं. मामांना हळद घालून दूध देत जा. माझ्या घरी माणसं आलीत म्हणून निघता येत नाही.

पत्र वाचून क्षणभर बुचकळ्यात पडले. वायपर तर माझ्या कणगीत आहेत, मग वाटेत गळाले ते कुठले? नंतर लक्षात आलं, तू मागून भिऊन लालमहंमदकडून दुसरी जोडी करून घेतली असशील. शहाणपणा केलास. माझा सल्ला ऐकला नाहीस याचा मला राग नाही. पण ती जोडी त्यानं घाईत केली असणार. तोही आता पहिल्यासारखा राहिला नाही म्हणायचं. चार बड्या लोकांची कामं मिळाली की कारागिराचा हात सैल पडतो. मामांनी केलं ते बरोबर केलं, त्याला जरा अद्दल घडू दे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काय चूक?

शिवकांता

---

नळदुर्ग,
श्रावण वद्य अष्टमी

अक्का,

हे पत्र एकटीनं वाच. दाजींनाही दाखवू नकोस.

दुसरी जोडी नाही. कधी नव्हतीच. एकच जोडी, ती तुझ्याकडं आहे.

काचेवर महिनाभराची विभूती होती. पाऊस पडला तशी ती ओली झाली आणि चुना फासावा तशी सगळ्या काचेवर उतरली. अव्वा म्हणाली होती पाऊस धुतो, पण तो धूत नव्हता, कालवत होता. मला पुढचं काही दिसेना. आभाळ आलं म्हणून मामा गाडी नीट न बघताच घाईनं बसले होते, ते ओरडले, "आरं, वायपर मार की!" मी सवयीनं दांडी ओढली. दांडी हातात नुसती हलली. मी डोकं बाहेर काढून बघायला गेलो आणि तेवढ्यात दगड आला.

चिखलात बसून, मोडका हात पोटाशी धरून मामांनी पहिलं तेच विचारलं, "वायपर कुठं हायेत?" अक्का, मी काय सांगणार होतो? गाडीचं कपाळ पुसलं जाऊ नये म्हणून ऐन पावसाळ्यात वायपर काढले, असं? त्यांच्यासारख्या माणसाला? ते म्हणाले असते, हा बावळट, आणि ह्याला माझी पोर द्यायची? शिवाय अव्वाचं नाव आलं असतं. तिच्यामुळं भावाचा हात मोडला, हे तिला कळलं असतं. हे सगळं मला तेव्हाच सुचलं असं म्हणत नाही. तेव्हा तोंडातून एवढंच आलं, "गळून पडलं असतील, मामा. लालमहंमदनं नीट आवळलं नसंल."

घरी आल्यावर मामांनी तेच सगळ्यांना सांगितलं. अव्वा चुलीपाशी होती. वायपर मी काढलेत हे तिला माहीत होतंच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घालून भाकरी थापत राहिली. त्या दिवसापासून ती गाडीला विभूती लावत नाही.

लालमहंमद विचारायला आला होता. मी घरात असून नाही म्हणून सांगायला लावलं. परवापासून त्याचं दुकान बंद आहे, कुठं गेला माहीत नाही.

आता झालं ते झालं. तू एक कर. ते वायपर परंड्याच्या किल्ल्याच्या खंदकात टाकून दे. ते कुणाच्या दृष्टीला पडले तर मी संपलो.

गुंडू

---

परंडा,
भाद्रपद वद्य चतुर्थी

चि. गुंडूस,

महिना झाला, तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले.

वायपर मी टाकले नाहीत. एकदा पदराखाली घेऊन खंदकापर्यंत गेले आणि परत आले.

लालमहंमद कुठं गेला ते तुला माहीत नाही ना? तो इथं आहे. लालबीची मावशी इथली, तिच्या ओसरीत दोघं राहतात. किल्ल्याच्या रस्त्याला कडुलिंबाखाली बसून तो डब्यांना डाग देतो. मोटारी बांधणारा माणूस, गुंडू. मंगळवारी तो आपल्या घरी आला. मी त्याला ओसरीवर बसवलं, रीतीप्रमाणं वेगळ्या कपात चहा दिला. चहा पिऊन त्यानं कप धुतला, पालथा ठेवला आणि मग विचारलं, "अक्का, एक बात पूछनी थी. आषाढात गुंड्या गाडी घेऊन तुझ्याकडं आलता. तवा वायपर हालत होतं का? काय आवाज येत होता का?"

मी म्हटलं, का रे?

"म्या लई याद करतोय. डाव्या हाताचा स्क्रू म्या आवळला का न्हाय, तेच याद येईना. मामांचा हात माज्यामुळं मोडला, अक्का. आन गुंड्या मेला असता तर? ह्ये डोक्यातनं जात न्हाय बघ."

तुझ्यावर त्याचा संशय नाही. तो स्वतःवर संशय घेतोय. आणि त्याच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, ती कणगी होती.

मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "माझं ध्यान नव्हतं, बाबा."

तो उठून गेला. जाताना म्हणाला की अव्वाला सलाम सांग. मी कणगीला टेकून बसले. दाजी जेवायला आले तरी ताट मांडलं नव्हतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. तुला बावळट ठरायची लाज वाटली म्हणून तू खोटं बोललास. मला कसली भीती होती? कसलीच नाही. आपला भाऊ तेवढा आपला आणि तो परका, एवढंच माझ्या मनात होतं. आणि तो मला अक्का म्हणत होता.

त्यात मूळ माझंच. इथं बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या. काढून टाक, त्यात काय, म्हणाले. मागच्या पत्रात तर त्याचा हात सैल पडला असंही लिहून मोकळी झाले. ते पत्र असेल तर फाडून टाक. नाही, फाडू नकोस. ठेव.

आता माझं ऐक. मी वायपर टपालानं पाठवणार नाही आणि स्वतः त्याच्या हातातही देणार नाही. ते मला सोपं होईल. तू आधी मामांना सांग. मग इथं ये, माझ्या कणगीत हात घालून ते काढ, आणि कडुलिंबाखाली जा. दसऱ्यापर्यंत आला नाहीस तर मी तुझ्या नावानं अंघोळ करीन, हे अक्काचे शब्द आहेत.

शिवकांता

---

नळदुर्ग,
आश्विन शुद्ध अष्टमी

ती. अक्कास,

परवा वायपर काढून घेतले आणि पाणीसुद्धा न पिता निघालो. परत जाताना तू दारात उभी होतीस, तरी थांबलो नाही. राग नव्हता. तुला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. म्हणून आता लिहितो.

मामांना सांगायला मी तामलवाडीला अव्वाला बरोबर घेऊन गेलो. तिला म्हटलं नव्हतं, तीच येते म्हणाली. मामा त्यांच्या सर्व्हिस गाडीपाशी उभे होते. ड्रायव्हर बलभीम होता, उतारू बसले होते. मला वाटलं त्यांना आत घरात न्यावं आणि मग सांगावं. पण पेठेत लालमहंमदची बदनामी झाली ती काही आत बसून झाली नव्हती. तिथंच सगळ्यांसमोर बोललो. वायपर मीच काढले, लालमहंमदचा काही दोष नाही, मी खोटं बोललो. का काढले तेही सांगितलं. उतारूंत कुणीतरी हसलं.

अव्वा पुढं झाली. "माज्यामुळं काढलं त्यानं. म्या जेवंना झाले. तुजा हात माज्या इभूतीनं मोडला, महांतप्पा. आन म्या तोंड शिवून बसले."

मामांनी अव्वाचा हात धरला आणि तिला सर्व्हिस गाडीत चढवून ड्रायव्हरच्या जागेपाशी नेलं. "नागाक्का, बघ हिकडं." काचेवर तीन पट्टे होते. आतल्या बाजूनं. "धा वर्सं झाली, आमच्या गावचे स्वामी आतनंच लावतात. वायपर भाईर फिरतोय, इभूत आत ऱ्हाती. एक डाव इचारलं असतंस मला!"

अक्का, मी लहानपणापासून त्या गाड्यांत बसतोय. पुढच्या सीटवर बसायला भांडायचो. ते पट्टे मी हजार वेळा बघितले असतील.

अव्वा गाडीच्या पायरीवर बसून रडली. मामांचंही तोंड उतरलं. म्हणाले, "चौकशी न करता म्या त्याची भाकर काढली. माजंबी तोंड काळं झालं." शिवम्माचं त्यांनी काही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती खिडकीत होती. तिनं सगळं ऐकलं.

मग परंडा. मी गाडी कडुलिंबाखाली नेली तेव्हा लालमहंमद कुणाच्या तरी कळशीला डाग देत होता. तो उठला आणि आधी गाडीच्या नाकाला पोचा पडलाय तिथं त्यानं हात फिरवला. वळला तेव्हा मी वायपर पुढं केले. बोलायचं सगळं पाठ करून आलो होतो, त्यातलं निम्मंच बोललो. त्यानं ते उलटेपालटे करून बघितले. स्क्रू बघितले. रबराच्या बेचक्यात ज्वारीचा एक दाणा अडकला होता, तो त्यानं नखानं काढला आणि तुझ्या घराच्या दिशेनं बघितलं. तुझं नाव मी घेतलं नव्हतं, अक्का. पण त्याला समजलं. तुला हे कळायला हवं म्हणून लिहितो.

लालबी आतून बघत होती. मला वाटलं तो शिव्या देईल, वायपर माझ्या अंगावर फेकेल. मी त्याचीच वाट बघत होतो. त्यानं अवजारं काढली आणि वायपर बसवले. भोकांतलं मेण काढायलाच जास्त वेळ लागला. तांब्याभर पाणी काचेवर ओतून त्यानं मला दांडी ओढायला लावली. दोन्ही हात एकदम फिरले. आत अव्वानं नव्यानं ओढलेले तीन पट्टे जसेच्या तसे होते. ते बघून तो एवढंच म्हणाला, "आतनं. चांगलं केलं."

मी मामांचा निरोप सांगितला, दोन्ही गाड्या तुझ्याच, पेठेत मी सगळ्यांना सांगून आलोय, दुकान उघड. म्हणाला, येईन, लालबीशी बोलतो. मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. मला वाटत होतं, एकदा तरी ओरडेल, अरे गुंड्या, गधे, क्या किया तूने! त्यासाठी मी उगाचच तिथं रेंगाळलो.

त्यानं फडक्यानं माझी सीट पुसली, बाजूला झाला आणि म्हणाला, "बसा, शेठ. आभाळ आलंय, उजेडात पोचा."

बार्शीच्या पुढं पाऊस लागला. वायपर चांगले चालले. घरापर्यंत रस्ता अगदी स्पष्ट दिसत होता.

तुझा,
गुंडू